काशीला जावं का? काही महिने राहून आल्यावरचं मत

निकाल आधी सांगते, म्हणजे ज्यांना तेवढाच हवाय ते मोकळे. काशीला जरूर जावं. पण चार दिवसांत अयोध्या-काशी-प्रयाग उरकणाऱ्या सहलीतून जाऊ नये, जोडून सुट्टी आली म्हणून जाऊ नये, आणि आईवडिलांना न्यायचं असेल तर त्यांचे गुडघे शाबूत आहेत तोवर न्यावं. या तिसऱ्या गोष्टीवर कुणी फारसं बोलत नाही, म्हणून मी जरा जास्त बोलणार आहे.

नवऱ्याला बीएचयूत, म्हणजे बनारस हिंदू विद्यापीठात, काही महिन्यांचं संशोधनाचं काम होतं आणि माझं काम काय, लॅपटॉप उघडला की सुरू. म्हणून आम्ही अस्सी घाटाजवळच्या भदैनी या वस्तीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. आपला आषाढ संपायच्या आत गेलो, हनुमान जयंती करून परतलो. ‘काशीस जावे नित्य वदावे’ असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या नातलगांनी नुसत्या वदण्यावर भागवलं नाही. घरचं माणूस काशीत राहतंय म्हटल्यावर सासूबाई-सासरे आले, मावशी-काका आले, नवऱ्याचा आतेभाऊ मित्रांचं टोळकं घेऊन आला, माझी एक मैत्रीण छोट्या लेकीला घेऊन आली. सगळ्यांना तेच घाट आणि तीच देवळं दाखवली. कुणी हरखून गेलं, कुणी कानाला खडा लावून गेलं.

आधी गर्दीचं बघू. ती खरी आहे, बातम्यांनी फुगवलेली नाही. १३ डिसेंबर २०२१ला विश्वनाथ धामाचं उद्घाटन झालं. देवळाचा परिसर आधी जेमतेम तीन हजार चौरस फुटांचा होता, तो पाच लाखांच्या घरात गेला. जागा वाढली तशी माणसंही वाढली. जानेवारी २०२४मध्ये अयोध्येत राममंदिर उघडलं, २०२५च्या सुरुवातीला प्रयागराजला महाकुंभ झाला, आणि तिन्ही गावं एका दमात करायची असा सहलींचा साचाच पडून गेला. काशीच्या वाट्याला त्यातून एक रात्र येते, फार तर दीड दिवस. त्या दीड दिवसात सगळ्यांना एकच आरती आणि एकच दर्शन हवं असतं.

म्हणूनच गर्दीचा नकाशा काढला तर तो अगदी लहान निघतो. गोदौलिया चौक, तिथून दशाश्वमेध घाट, विश्वनाथाच्या दरवाजांपर्यंतच्या गल्ल्या, वर काळभैरवाची गल्ली. संध्याकाळी आरतीच्या आधी तासभर इथे पाय आपण उचलायचा नसतो, लोक उचलून नेतात. दक्षिणेला अस्सीच्या बाजूला मात्र त्याच वेळी चहा पीत निवांत बसता येतं. उत्तरेला पंचगंगा घाटाच्या पुढे तर ऐन मोसमातही मुलं घाटावर क्रिकेट खेळत असतात. फक्त टोकाचा नमो घाट सोडा, तिथे आता सेल्फीवाल्यांची जत्रा असते.

तारखांचं एक लक्षात ठेवा, आपली मंडळी इथे हमखास फसतात. श्रावणातली गर्दी टाळायची म्हणून आपलं कॅलेंडर बघून आषाढाच्या शेवटी जाल, तर तिथे सावन लागलेला असतो. उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर बदलतो, त्यामुळे त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. कावडिये, सोमवारच्या रांगा, बंद केलेले रस्ते, सगळं तेव्हाच.

सासूबाईंचं सांगते. सत्तरीच्या आहेत, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरा कुरकुरतो. आयुष्यभर एकच ठरवलेलं, काशीला जाऊन गंगेत पाय बुडवायचे. मंदिराच्या भागात गाड्यांना बंदी असते. ई-रिक्षावाला ‘इससे आगे नहीं जाएगी’ म्हणून जिथे उतरवतो, तिथून पुढे चालायचं. नवीन परिसरात गेल्यावर सपाट फरशी आहे, चाकाची खुर्ची मिळते, तिथे त्रास नाही. खरी कसोटी बाहेरची. ऊन, रांग, मधूनच घुसणारी मोटरसायकल, आणि गल्लीत आडवा बसलेला नंदी. तो उठणार नाही, आपणच वळसा घ्यायचा.

घाट तर गुडघ्यांचे वैरीच. पायऱ्या उंच, पुष्कळ ठिकाणी कठडा नाही, आणि हिवाळ्यात पाणी खाली गेलेलं असतं तेव्हा पायऱ्या आणखी वाढतात. नावेत चढायला एक फळी टाकतात आणि मल्लाह हात पुढे करतो, ‘आइए माताजी’. माताजी तिथेच रडकुंडीला आल्या. शेवटी आम्ही अस्सीला गेलो. तिथे उतार त्यातल्या त्यात सोपा. पहाटे तिथे ‘सुबह-ए-बनारस’ असतं, २०१४पासून रोज चालू आहे. आरती होते, मग कुणीतरी तयारीचा किंवा शिकाऊ गायक भैरव नाहीतर ललत गातो, समोर सूर्य वर येत असतो. बसायला जागा मिळते आणि ढकलाढकली नसते. सासूबाईंची काशी तिथे झाली. दशाश्वमेधची आरती त्यांनी पाहिलीच नाही, आणि त्याचं त्यांना काडीचं वाईट वाटलं नाही.

विश्वनाथाचं दर्शन म्हणाल तर जेमतेम काही सेकंदांचं. ‘चलिए, आगे बढ़िए’ ऐकत पिंडीसमोरून सरकायचं. मोबाइल, पिशवी, पेनसुद्धा आत नेता येत नाही. बाहेरचे दुकानदार ‘लॉकर फ्री’ म्हणून बोलावतात आणि मग प्रसादाची टोपली गळ्यात मारतात. किंमत आधी विचारा, नाहीतर परत आल्यावर कळते. पैसे भरून सुगम दर्शनाची सोय आहे, मंदिराच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. गल्लीत भेटणाऱ्या ‘व्हीआयपी करवा देंगे’वाल्यांच्या नादी लागू नका. आम्हाला सगळ्यांत शांत दर्शन डिसेंबरच्या सुरुवातीला, मधल्या वारी, रात्री उशिरा मिळालं.

आताचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी १७८०च्या सुमारास बांधलेलं. नव्या परिसरात त्यांचा पुतळाही आहे. मावशी तिथे हात जोडून उभी राहिली आणि मागचा माणूस ‘यह कौन सी माता हैं’ म्हणून तिला विचारायला लागला. मावशी निवृत्त इतिहास शिक्षिका. त्या माणसाची दर्शनाची वेळ टळली असणार.

यावरून आठवलं, आणि काशीला जावं असं मी का म्हणते त्याचं खरं कारणही इथेच आहे. आपल्या लोकांनी या नदीकाठी केवढं काम करून ठेवलंय! मुन्शी घाट नागपूरच्या संस्थानातल्या कारभाऱ्याचा, त्याला लागून अहिल्याबाई घाट. पुढे मणिकर्णिका, म्हणजे स्मशानघाट, ओलांडली की शिंदे घाट, तिथलं कलतं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ, ज्याचा गाभारा वर्षातले कितीतरी महिने पाण्यातच असतो. मग नागपूरकरांचा भोसले घाट, मग जटार घाट. पंचगंगेवर हजार दिव्यांची दगडी दीपमाळ आहे, तीही अहिल्याबाईंची म्हणतात. वर बिंदुमाधवाचं देऊळ. जुनं देऊळ औरंगजेबाच्या काळात पाडून तिथे मशीद उभी राहिली, ती अजून आहे. आताचं साधं, वाड्यासारखं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधून दिलं. शेजारी दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट, म्हणजे जुनी मराठी वस्ती. शिवराज्याभिषेकाला आलेले गागाभट्ट याच काशीचे, पैठणहून इथे येऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातले. एकनाथांनी भागवत पूर्ण केलं तेही इथेच, १५७३मध्ये. झाशीच्या राणीचं जन्मस्थान तर आमच्या भदैनीतच, भाजी आणायच्या वाटेवर.

हे सगळं बघायला तिकीट नाही, रांग नाही. मणिकर्णिकेपासून गायघाटापर्यंत सकाळी चालत गेलं की झालं. दीड दिवसाच्या सहलीत नेमकं हेच बसत नाही. आतेभाऊ आणि त्याचे मित्र देवदिवाळीला आले होते. कार्तिकी पौर्णिमेला घाटांवर लाखो पणत्या लागतात, फोटो तुम्ही पाहिले असतीलच. नावेचे दर त्या रात्री अनेक पटींनी चढे, हॉटेलं आधीच भरलेली. पात्रात नावेला नाव लागून सगळं ठप्प. त्यांनी पणत्या कमी आणि पुढच्या नावेतल्यांच्या पाठी जास्त पाहिल्या. परतताना ‘एकदा पाहायला ठीक आहे’ म्हणाले. पुण्याचा माणूस याहून वाईट शेरा देत नाही. गंमत अशी की चारच दिवसांनी तेच घाट रिकामे होते, हवा सुंदर होती, आणि हे लोक पुण्यात ट्रॅफिकमध्ये होते.

सगळ्याच गर्दीला नावं ठेवायची नाहीत मात्र. अनंत चतुर्दशीपासून महिनाभर पलीकडे रामनगरला रामलीला चालते. माईक नाही, विजेचे दिवे नाहीत, पेट्रोमॅक्सचा उजेड. प्रसंग बदलला की जागा बदलते आणि हजारो माणसं पात्रांच्या मागे चालत पुढच्या जागी जातात. कितीतरी जणांच्या हातात रामचरितमानसाची पोथी आणि बॅटरी. संवादाआधी ‘चुप रहो, सावधान!’ अशी आरोळी उठते आणि खरोखर सगळे गप्प होतात. मी पुन्हा पुन्हा गेले. आमच्या घराजवळच्या लोलार्क कुंडावर भाद्रपदातल्या षष्ठीला अपत्यासाठी स्नान करणाऱ्या जोडप्यांची अशीच अफाट रांग लागते. त्या दिवशी दूधवालासुद्धा पोचला नाही.

पावसाळ्यात जाऊ नका, हे मात्र ठाम. गंगेची इथली धोक्याची पातळी ७१.२६ मीटर. पाणी त्याच्या आसपास यायच्या कितीतरी आधीच घाट एकमेकांपासून तुटतात, नावा बंद होतात, आरती वर गच्चीवर सरकते. मणिकर्णिकेवरचं दहनसुद्धा वर चढतं. पाणी ओसरलं तरी घाटांवर पुरुषभर गाळ उरतो, तो पंपाने पाणी मारून धुतात, त्यात आठवडेच्या आठवडे जातात. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीभर धुकं असतं. गाड्या तासन् तास उशिरा, विमानं रद्द. काका-मावशीची गाडी इतकी रखडली की त्यांच्यासाठी केलेली खिचडी आम्ही दोनदा गरम करून शेवटी स्वतःच खाल्ली. एप्रिलपासून उन्हाळा, त्याबद्दल काय बोलायचं. उरतात त्या दोन फटी: देवदिवाळी झाल्यावर डिसेंबरच्या मध्यापर्यंत, आणि महाशिवरात्र आटोपल्यावर मार्च संपेपर्यंत, त्यातले होळीचे दोन दिवस वगळून.

खाण्यासाठी वेगळं लिहायला हवं, पण थोडक्यात: सकाळी कचौडी-जिलबी, दुपारी काही नको, संध्याकाळी टमाटर चाट. थंडीत मलइयो, दुधाचा केशरी फेस, सकाळीच मिळतो, उशीर केलात तर संपतो. चौखंबा, ठठेरी बाजारच्या बाजूला शोधा. मटार आले की चूडा-मटर. आपल्या पोह्यांचा तुपात वाढलेला भाऊच म्हणा. मैत्रिणीच्या लेकीने काशीत देव, गंगा, घाट कशाकडेही लक्ष दिलं नाही, तिला फक्त मातीच्या कुल्हडातली लस्सी आणि माकडं आठवतात. लहान मुलांसाठी हे शहर सोपं नाही. बाबागाडी तर नेऊच नका.

त्रास सांगायचा तर गोंगाट पहिला. मोटरच्या नावांनी नदीवरची शांतता खाल्ली आहे. वल्ह्याची नाव हवी असेल तर पहाटे लवकर जाऊन मुद्दाम मागावी लागते. भोंगे रात्रीही थांबत नाहीत. थुंकणं सर्वत्र. मणिकर्णिकेवर ‘लकड़ी का दान’ मागणारे मागे लागतात, नम्रपणे नाही म्हणून चालू लागायचं, आणि तिथे फोटो काढायचे नाहीत, ते कुणी सांगायची वेळ येऊ देऊ नये. दोन-तीन वेळा भाड्यावरून मीही तावातावाने भांडले. पण रात्री अकराला एकटी गल्लीतून घरी येताना वाट चुकले, तर पानवाल्याने पोराला सोबत पाठवलं, हेही याच शहरातलं.

तर कमीत कमी तीन रात्री काढा. राहायला अस्सी-भदैनीच्या बाजूला बघा. गोदौलियाजवळचं हॉटेल नकाशावर सोयीचं दिसतं, पण गाडी दारापर्यंत येत नाही आणि बॅगा घेऊन गल्ल्या तुडवाव्या लागतात. मुंबईहून महानगरी एक्सप्रेस थेट जाते, एक अख्खा दिवस आणि वर काही तास लागतात. मुगलसरायला, म्हणजे आताच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनला थांबणारी गाडी मिळाली तरी चालेल, तिथून रस्त्याने येता येतं. एक दुपार बीएचयूतल्या भारत कला भवनाला द्या, लघुचित्रं पाहायला. एक सकाळ सारनाथला, जेमतेम दहा किलोमीटरवर. धामेक स्तूपाच्या हिरवळीवर ज्येष्ठांना बसवून तुम्ही संग्रहालयात अशोकाचे सिंह बघून येऊ शकता. नोटेवर रोज पाहिलेले ते सिंह प्रत्यक्षात माणसापेक्षा उंच आहेत आणि दगडाची चकाकी अजून तशीच आहे. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.