‘पेशी व परासरण’ प्रयोगसंच: सामान ठीक, पुस्तिका बाजूला ठेवा

बेळगावात शाळांसाठी मिळणाऱ्या या संचात १० एक्स आणि ४० एक्स भिंगांचा सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, कव्हर स्लिपा, सॅफ्रॅनिन, आयोडीन आणि हातभर डायलिसिस ट्यूब (अतिसूक्ष्म छिद्रांची पातळ नळी) येते. किमतीच्या मानानं सामान बरं आहे. घोटाळा आहे तो पुस्तिकेत.

कांद्याचा पापुद्रा सॅफ्रॅनिननं रंगवा आणि लाल रेषांना पेशीपटल म्हणा, असं ती सांगते. त्या रेषा पेशीभित्तिकेच्या, म्हणजे पटलाबाहेरच्या जाड भिंतीच्या! पटल जेमतेम ७ ते १० नॅनोमीटर जाड. साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरच्या आतलं वेगळं दाखवताच येत नाही. पटल कुठे आहे हे मात्र याच सामानात कळतं.

त्यासाठी लाल कांदा घ्या. सगळे काढतात तो आतला पापुद्रा बिनरंगी असतो. पाकळीच्या बाहेरच्या, जांभळट बाजूचा हवा. तो सहज निघत नाही. ब्लेडनं पाच मिलिमीटरचा चौकोन आखून चिमट्यानं सोलावा. रंग अजिबात घालू नये, सॅफ्रॅनिननं पेशी मरतात आणि पुढचं काही घडत नाही. पाण्यात बसवून आधी एकदा पाहा. मग कव्हर स्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब (१०० मिलिलिटरला ५ ते १० ग्रॅम मीठ) आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावा. काही मिनिटांत जांभळा भाग आक्रसून भित्तिकेपासून सुटतो. त्या जांभळ्या भागाच्या कडेला लागूनच पटल असतं. लगेच साधं पाणी ओढून घेतलं तर पेशी पुन्हा भरते. मिठात फार वेळ ठेवली तर नाही. पाणी बाहेर जाऊन पेशीचा आतला भाग असा आक्रसणं म्हणजे रससंकोच. तो शिकवायला याहून सोपा मार्ग नाही, आणि पुस्तिकेत त्याचा उल्लेखही नाही.

ट्यूब चांगली आहे. भिजवून गाठ मारा, उकळून गार केलेलं १ टक्का स्टार्च तीन चतुर्थांश भरा आणि वरची गाठ मारल्यावर बाहेरून नळाखाली स्वच्छ धुऊन आयोडीनच्या पाण्यात ठेवा. न धुतल्यास सांडलेल्या स्टार्चमुळे बाहेरचं आयोडीनचं पाणीही निळं होतं आणि प्रयोग उलटा दिसतो. नीट जमला तर आतलंच निळं-काळं होतं.

पण ही नळी म्हणजे पटल नव्हे, हे मुलांना सांगायलाच हवं. ती फक्त रेणूचा आकार बघते, त्यामुळे ग्लुकोज तिच्यातून आरामात जातं. सिंगर आणि निकोलसन या शास्त्रज्ञांच्या १९७२ च्या प्रारूपातलं पटल मेदाच्या दुहेरी थराचं, त्यात प्रथिनं रुतलेली. तिथे ग्लुकोजला प्रथिनांच्याच वाटेनं जावं लागतं.

पुस्तिका इंग्रजी आणि कन्नडमध्ये आहे, मराठी माध्यमाच्या वर्गासाठी कृती फळ्यावर लिहूनच द्यावी लागेल. खानापूरकडच्या पावसात भिंगांना बुरशी धरते. पेटीत सिलिका जेलची पुडी नाही, ती वेगळी ठेवावी. ग्लुकोजच्या चाचणीचं बेनेडिक्ट द्रावणही नाही. आणि ट्यूब सुटी मिळते का, हे पैसे देण्याआधी विचारा.