शक्तिपीठची माहिती पाहिजे: आरटीआय टाकू की आमदाराला पकडू?

एका दोस्ताची जमीन वर्धेकडं, नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचा मॅप बघून पोट्टा हैराण, काहून असा रूट ठरवला ते त्याला पाहिजे, आता आरटीआय (माहिती अधिकाराचा अर्ज) टाकू का आमदाराकडून विधानसभेत तारांकित प्रश्न (ज्याचं मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावं लागते) लावू असं विचारत होता.

खर्चाचं म्हणाल तर आरटीआय १० रुपये, झेरॉक्स पानामागं २ रुपये. आमदाराला पैसे लागत नाई पण चकरा लागतात, अन् ओळख नसली तर पीएच्या पुढं गाडी जात नाई.

वेळ: आरटीआयला कायद्यानं ३० दिवस, नाई दिलं तर पहिलं अपील, मग माहिती आयोग, तिथं मात्र फाईल झोपते राजेहो. विधानसभेचा प्रश्न अधिवेशन असलं तरच, नागपूरचं डिसेंबरात.

खरा फरक हाती काय पडते त्यात आहे. आरटीआयमध्ये फक्त रेकॉर्डवर असलेला कागद भेटते, "असं का केलं" विचारलं तर सरळ नकार, म्हणून डीपीआरची (प्रकल्पाच्या सविस्तर अहवालाची) प्रत, अलाइनमेंटचे (रस्ता कुठून न्यायचा त्याचे) पर्याय, फाईलवरच्या नोंदी असंच मागायचं (अन् आपल्या राज्यात एकच विषय, १५० शब्दांत). तारांकितमध्ये मंत्र्याला सभागृहात बोलावं लागते, वरून उपप्रश्न येतात. पण नंबर लागला नाई तर लेखी उत्तर, अन् तेही बहुतेक "हे खरे नाही" टाईपचं.

कोर्टात किंवा जमीन घ्यायच्या विरोधातल्या हरकतीत लावायला पुरावा पाहिजे त्यानं आरटीआयच टाकावा. अख्ख्या गावाचा प्रश्न असन, सरकारवर प्रेशर पाहिजे असन तर आमदार, अन् जमलं तर आरटीआयचे कागद त्याच्याच हातात देऊन.