घराच्या सर्व्हरचा ताबा इन्स्टॉलरकडे: ‘स्मार्ट होम’च्या नावाखाली झालेली फसवणूक

कोथरूडमधल्या आमच्या फ्लॅटचे इंटिरिअर चालू असताना डेकोरेटरने ज्याची शिफारस केली होती, त्या इन्स्टॉलरने ‘स्मार्ट होम’ बसवून देतो असे सांगून आमची फसवणूक केली, तिचा हा वृत्तान्त आहे. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे त्याचे आणि त्याच्या व्यवसायाचे नाव मी येथे देत नाही. तपशील मात्र शक्य तेवढे सगळे देत आहे, कारण हाच प्रकार दुसऱ्या नावाने दुसऱ्या घरी चालू असेल, तर तो ओळखायला नावापेक्षा तपशीलच उपयोगी पडतील.

आम्हाला हे काम हवे होते ते मुख्यतः आईसाठी. तिचे वय झाले आहे, रात्री तिला उठावे लागते, आणि अंधारात स्विचबोर्ड चाचपडताना ती एकदा पडली होती. ती पलंगावरून उतरली की पॅसेजमधला दिवा मंद प्रकाशात आपोआप लागावा, पहाटे गीझर ठरावीक वेळी सुरू होऊन बंद व्हावा, आणि हॉलमधल्या एका टचस्क्रीनवर घरातले सगळे दिवे, पंखे, पडदे आणि दारावरचा कॅमेरा एकत्र दिसावा, एवढीच आमची अपेक्षा होती. इन्स्टॉलरने डेमो उत्तम दिला. कोटेशनमध्ये ‘इंडस्ट्रियल होम सर्व्हर’ (घरातली सगळी उपकरणे चालवणारा संगणक), ‘इम्पोर्टेड वॉल पॅनेल’, ‘सर्व्हर लायसन्स’ आणि प्रत्येक मोबाइलमागे एक ‘युजर लायसन्स’ अशा स्वतंत्र ओळी होत्या. केवळ लायसन्सच्या ओळींची बेरीज ४८,००० रुपये होती. “काका, हे सॉफ्टवेअर आमच्या टीमनं स्वतः बनवलंय, बाहेरच्या कुणाला त्यातलं काही कळायचं नाही, त्यामुळे सेफ आहे,” असे त्याने माझ्या पत्नीसमोर आणि डेकोरेटरसमोर सांगितले, आणि तेच वाक्य थोड्या फरकाने व्हॉट्सॲपवरही लिहिले. ते लेखी आहे, याचा पुढे आम्हाला उपयोग झाला.

पहिले वर्ष सगळे सुरळीत चालले. वर्ष संपता संपता त्याचा निरोप आला की लायसन्सचे नूतनीकरण आणि एएमसी (वार्षिक देखभाल करार) मिळून २४,००० रुपये भरावेत, अन्यथा सिस्टीम आपोआप बंद पडेल आणि त्यावर त्याचाही इलाज चालणार नाही. कोटेशनमध्ये वार्षिक शुल्काचा उल्लेखच नसल्यामुळे आम्ही खुलासा मागितला. खुलासा आला नाही. ठरलेल्या तारखेला सकाळी टचस्क्रीनवर लाल पट्टीत ‘लायसन्स संपले आहे’ अशी सूचना मात्र आली. भिंतीवरच्या काचेच्या स्विचबोर्डांना हात लावून दिवे लागत होते, पण आपोआप होणारी एकही गोष्ट होईना. हॉलचे मोटरचे पडदे अर्ध्यावर थांबले, गीझर वेळेवर सुरू होईना, आणि आईच्या पॅसेजमधला दिवा त्या रात्री लागला नाही. इन्स्टॉलरला फोन केल्यावर तो म्हणाला, “पैसे आले की पाच मिनिटांत सुरू होईल.” ज्या गोष्टीवर आपलाही इलाज नाही असे त्याने लिहिले होते, ती पाच मिनिटांत सुरू होणार होती.

याच सुमारास एका संध्याकाळी वीज जाऊन परत आली आणि पहिला धागा हाती लागला. टचस्क्रीनला स्वतःची बॅटरी असल्याने ती चालूच राहिली, पण सर्व्हर पुन्हा सुरू व्हायला वेळ घेत होता, आणि तेवढ्या अवधीत स्क्रीनवर इन्स्टॉलरच्या लोगोऐवजी ब्राउझरची ‘पान उघडता येत नाही’ ही सूचना दिसली. त्याखाली घरच्या नेटवर्कवरचा एक पत्ता होता आणि त्याच्या शेवटी ८१२३ हा आकडा होता. माझी भाची सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात आहे. तिने तो आकडा पाहताच सांगितले की हा ‘होम असिस्टंट’ या सॉफ्टवेअरचा नेहमीचा पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा ठरलेला क्रमांक आहे. तोच पत्ता लॅपटॉपवर उघडला, तेव्हा ब्राउझरच्या टॅबवर ‘होम असिस्टंट’ हेच नाव आले. टचस्क्रीनवर वरची पट्टी आणि बाजूचा मेनू लपवून त्या जागी इन्स्टॉलरने आपला लोगो बसवला होता. बाकी काहीही त्याचे नव्हते.

होम असिस्टंट हे पाउलस स्खाउटसेन यांनी २०१३ मध्ये पायथन या संगणकीय भाषेत सुरू केलेले मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही पाहता आणि वापरता येतो. जगभरातले स्वयंसेवक ते वाढवतात, दर महिन्याला त्याची नवी आवृत्ती येते, आणि २०२४ पासून त्याची मालकी ‘ओपन होम फाउंडेशन’ या ना-नफा संस्थेकडे आहे. ते उतरवून घ्यायला पैसे लागत नाहीत, घरातल्या माणसांच्या किंवा मोबाइलच्या संख्येनुसार कोणतेही लायसन्स लागत नाही, आणि त्याचे मोबाइल ॲपही मोफत आहे. घराबाहेरून सोप्या रीतीने जोडणी हवी असेल, तर ‘नाबू कासा’ या कंपनीची सशुल्क सेवा घेता येते, पण ती ऐच्छिक आहे आणि ती न घेतल्याने घरातले काहीही बंद पडत नाही. त्यामुळे ‘सर्व्हर लायसन्स’ आणि ‘युजर लायसन्स’ या दोन्ही ओळी अस्तित्वातच नसलेल्या वस्तूंच्या होत्या.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. हे सॉफ्टवेअर अपाचे २.० या परवान्याखाली आहे आणि तो परवाना व्यावसायिक वापराला पूर्ण मुभा देतो. वायरिंग करणे, स्विचबोर्डामागे रिले (वीज चालू-बंद करणारे छोटे स्विच) बसवणे, सेन्सर जोडणे, स्क्रीनची मांडणी करणे आणि वर्षभर फोन आला की धावून येणे, या कौशल्याच्या कामांचे पैसे घेणे रास्तच आहे. आम्ही आता ज्याच्याकडून काम करून घेतो, तो मुलगाही होम असिस्टंटच बसवतो. पण पहिल्याच भेटीत सॉफ्टवेअरचे नाव सांगतो, ते मोफत आहे हे सांगतो, आणि आपल्या मजुरीचा आकडा वेगळा लिहून देतो. परवान्याची अट अशी आहे की सॉफ्टवेअर पुढे देताना परवान्याची प्रत आणि मूळ हक्कांच्या नोंदी सोबत राहिल्या पाहिजेत. दुसऱ्याच्या कामावरचे नाव पुसून ते स्वतःचे म्हणून विकणे आणि त्याच्या मुदतीची भीती घालून दरवर्षी पैसे उकळणे, याला मी फसवणूकच म्हणतो.

त्यानंतर आम्ही टीव्ही युनिटमागे ठेवलेला ‘इंडस्ट्रियल सर्व्हर’ उघडला. काळ्या धातूच्या जाड पेटीत, जिच्या वजनामुळे ती मोठी यंत्रणा वाटत होती, तळहातावर मावेल असा ‘रास्पबेरी पाय ४’ नावाचा एक छोटा संगणक आणि त्यात एक मेमरी कार्ड होते. हा छोटा संगणक या कामाला पुरेसा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो काही हजार रुपयांत मिळतो आणि आमच्या बिलात त्याच्या नावावर ६२,००० रुपये लावले होते. शिवाय हे सॉफ्टवेअर दिवसरात्र नोंदी लिहीत असते, आणि सततच्या लिखाणाने मेमरी कार्ड झिजून बाद होण्याचा धोका असतो, म्हणून जाणकार एसएसडी (जास्त टिकाऊ साठवणीची डिस्क) वापरायला सांगतात; ती येथे नव्हती. ‘इम्पोर्टेड वॉल पॅनेल’, म्हणजे हॉलमधली ती टचस्क्रीन, लाकडी चौकटीत बसवलेला साधा अँड्रॉइड टॅबलेट निघाला. तो वर्षभर भिंतीत अखंड चार्जिंगला राहिल्याने त्याची बॅटरी फुगली होती आणि खालच्या कडेपाशी काच चौकटीतून वर उचलली गेली होती. फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते, आणि हा टॅबलेट आईच्या खुर्चीच्या मागच्या भिंतीवर होता. कोणाच्या घरी भिंतीत टॅबलेट बसवलेला असेल, तर त्याची कड आणि पाठ आजच पाहून घ्यावी.

यापुढचा शोध सर्वांत महत्त्वाचा होता. सॉफ्टवेअरमध्ये पहिले खाते ज्याचे बनते तो ‘मालक’ ठरतो, आणि आमच्या घराचा मालक म्हणून इन्स्टॉलरचे खाते नोंदलेले होते. आम्हा घरच्यांना फक्त बटणे दाबण्यापुरती साधी खाती दिली होती. फ्लॅटचा ताबा देताना बिल्डरने मुख्य दाराची खरी किल्ली स्वतःकडे ठेवून आपल्याला फक्त बेल दाबायची परवानगी द्यावी, तसे हे झाले. भाचीने आधी मेमरी कार्डाची जशीच्या तशी प्रत काढून बाजूला ठेवली. मग रास्पबेरी पायला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून मालक खात्याचा पासवर्ड बदलला. स्वतःच्या यंत्रासमोर बसलेल्या माणसासाठी ही सोय सॉफ्टवेअरमध्येच दिलेली आहे. फक्त खात्याचे नाव माहीत असावे लागते, आणि ते इन्स्टॉलरनेच पाठवलेल्या एका जुन्या स्क्रीनशॉटमध्ये दिसत होते.

आत गेल्यावर ऑटोमेशनच्या, म्हणजे आपोआप करायच्या कामांच्या यादीत ‘सिस्टीम चेक’ या नावाची एक नोंद सापडली. तिच्यात काम बसवल्यापासून बरोबर एक वर्षानंतरची तारीख हाताने लिहिलेली होती. त्या तारखेपासून बाकीची सर्व ऑटोमेशन बंद करायची आणि टचस्क्रीनवर लाल पट्टीचे पान दाखवायचे, एवढेच त्या नोंदीचे काम होते. कोणतेही लायसन्स संपलेले नव्हते. आईच्या पॅसेजमधला दिवा कोणत्या दिवशी लागायचा थांबेल, हे आमच्याकडून पूर्ण पैसे घेतले त्याच आठवड्यात त्याने लिहून ठेवले होते. मला सर्वांत जास्त वेदना झाल्या त्या ही ओळ वाचताना. पैशांचे दुःख त्यापुढे कमी होते.

ती नोंद पुसून बाकीची ऑटोमेशन पुन्हा चालू करताच सगळे पूर्ववत सुरू झाले. इन्स्टॉलरच्या खात्याच्या सुरक्षा पानावर त्याच्या उघड्या लॉगिनांची यादी होती, आणि प्रत्येकापुढे शेवटच्या वापराची वेळ होती. त्यांतल्या काही वेळा अशा होत्या, की तेव्हा आम्ही त्याला कोणत्याही कामासाठी बोलावले नव्हते. कॅमेरा याच व्यवस्थेला जोडलेला असल्याने, इन्स्टॉलर त्या वेळी काय पाहत होता याचा विचारही नकोसा वाटतो. बाहेरून येणारी सगळी जोडणी त्याच्या स्वतःच्या सर्व्हरमधून फिरवलेली होती, तीही आम्ही काढून टाकली. पासवर्ड बदलला म्हणजे आधीची उघडी लॉगिने आपोआप बंद झाली असे धरून चालू नये. ती यादीतून एकेक करून काढावीत, आणि राउटरचा पासवर्डही बदलावा, कारण तोही बहुधा इन्स्टॉलरनेच टाकलेला असतो. आमचे सेन्सर झिग्बी या खुल्या बिनतारी पद्धतीचे होते आणि पेटीला लावलेल्या डोंगलशी (सेन्सरशी संपर्क ठेवणाऱ्या छोट्या उपकरणाशी) जोडलेले होते, त्यामुळे ‘आमच्याशिवाय सेन्सरही मरतील’ हे त्याचे सांगणेही खोटे ठरले.

ज्यांचे काम अजून व्हायचे आहे, त्यांनी सॉफ्टवेअरचे खरे नाव कोटेशनवर लिहून घ्यावे आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वी मालक खाते आपल्या नावे करून घ्यावे. इन्स्टॉलरला दुरुस्तीसाठी वेगळे खाते द्यावे आणि काम संपले की ते बंद करावे. बॅकअपची फाइल घेताना ती उघडायची किल्लीही घ्यावी. २०२५ च्या जानेवारीपासून या सॉफ्टवेअरमध्ये स्वयंचलित बॅकअप एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात कुलूपबंद) होण्याची सोय आहे, आणि किल्लीशिवाय ती फाइल निरुपयोगी असते. इंटरनेटची वायर काढून आपल्यासमोर सगळे चालवून दाखवायला सांगावे. सगळी उपकरणे घरातूनच चालतात असे सांगून प्रत्यक्षात ती बाहेरच्या सर्व्हरवर अवलंबून ठेवली असतील, तर ते तिथल्या तिथे उघड होते. बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर तपासावा. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो. आम्हाला बिल म्हणून ‘एस्टिमेट’ असे छापलेला कागद मिळाला होता, त्यावर क्रमांकच नव्हता.

आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वस्तू किंवा सेवेसाठी आपण दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. परवानगीशिवाय आपल्या यंत्रणेत शिरणे किंवा आपल्यालाच तिच्यात जाण्यापासून अडवणे हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये येते, म्हणून सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवरही आम्ही वेगळी तक्रार दिली आहे.

त्याच इन्स्टॉलरने आमच्या सोसायटीत आणखी काही घरांत काम केले होते. एका शेजाऱ्यांच्या यंत्रणेत तशीच ‘सिस्टीम चेक’ नोंद होती आणि तिच्यातली तारीख अजून यायची होती. दुसऱ्या घरी मात्र त्यांनी आधी त्यालाच फोन करून जाब विचारला, आणि संध्याकाळी आम्ही पाहायला गेलो तेव्हा नोंद तिथे नव्हती. त्याने ती दूरवरून पुसली होती. म्हणून कोणाला असा संशय आला, तर त्याच्याशी एक शब्दही बोलण्यापूर्वी राउटरची इंटरनेट वायर काढावी, यंत्र रीतसर बंद करून मेमरी कार्डाची प्रत काढावी, टचस्क्रीनवरच्या सूचनेचा आणि पेटीच्या आतल्या भागाचा फोटो घ्यावा, व्हॉट्सॲपवरचे सगळे संभाषण जतन करावे, आणि मगच त्याला फोन करावा.