पेनिसिलिन की डॉक्सीसायक्लिन?

पावसात गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीकडच्या शेतात अनवाणी उतरणाऱ्याला ताप आला की लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) शंका येतेच. उंदराच्या मुतातून पाण्यात आलेला हा जिवाणू पायाच्या चिरेतून शिरतो. त्यावर जिवाणूंवरची ही दोन्ही औषधं चालतात: साध्या तापात डॉक्सीसायक्लिनची गोळी, कावीळ-मूत्रपिंडापर्यंत गेलं तर पेनिसिलिन शिरेतून.

खरा फरक दिसतो स्क्रब टायफसमध्ये, म्हणजे झुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून येणाऱ्या तापात. पेनिसिलिन जिवाणूला भिंत बांधू देत नाही. पण स्क्रबचा जिवाणू आपल्याच पेशीत दडून बसतो, आणि त्याला धड भिंतही नसते. मग पेनिसिलिन करणार काय? डॉक्सी पेशीत शिरते आणि जिवाणूचं प्रथिनं बनवणंच बंद पाडते. पावसाळी तापांत माझं झुकतं माप तिलाच. फक्त गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका सोलून निघते. गरोदरपणी सहसा देत नाहीत.

स्ट्रेप्टोकोकस जिवाणूने धरलेला घसा मात्र पेनिसिलिनचाच. १९२८ साली सापडलेल्या या औषधापुढे घशातला स्ट्रेप्टोकोकस आजही नांगी टाकतो. डॉक्सीच्या गटाला तो बरेचदा दाद देत नाही. अर्थात पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं.

आणि सत्तरीतला माकडताप? तो विषाणूचा, तिथे दोन्ही बाद.