बंद इंडिका रोखीत विकली, त्याला नऊ महिने झाले

जानेवारीत एका पहाटे सव्वासहाला मोबाइल वाजला. खेड शिवापूर टोल नाक्यावर फास्टॅगमधून पैसे कापल्याचा मेसेज. गाडीचा नंबर आमच्या इंडिकाचा. ही तीच गाडी, जी तीन महिन्यांपूर्वी चिंचवडच्या आमच्या पार्किंगमधून टोचन करून न्यावी लागली होती, कारण ती सुरूच होत नव्हती.

आधी विक्रीचं सांगतो. बाबांची 2008 ची इंडिका व्ही टू, डिझेल, एमएच 14 पासिंग, पिंपरीच्याच कारखान्यातली. 2023 च्या पावसाळ्यात वरंध घाटात तापली आणि इंजिनचं हेड गॅस्केट (इंजिनमधलं सील) गेलं. मेकॅनिकने सदतीस हजार सांगितले, वर "एवढे घालू नका, परत उडेल" असंही सांगितलं. त्यातच जून 2023 मध्ये आरसीची, म्हणजे नोंदणीची, पंधरा वर्षं संपली होती. री-पासिंगची, म्हणजे नोंदणी पुन्हा करून घेण्याची, फी 5,000, उशिराबद्दल महिन्याला 500, म्हणजे ऑक्टोबर 2024 पर्यंत 8,000 नुसता दंड. त्यावर पर्यावरण कर आणि विमा. बंद गाडीला जिवंत ठेवण्यासाठी हा खर्च बाबांनाही पटेना, आणि सोसायटीचे सेक्रेटरी दर मीटिंगला त्या टायरमधल्या गवताचा विषय काढायचे.

खरं तर मी आधी सरकारमान्य स्क्रॅप सेंटरलाच फोन केला होता. त्यांनी वजनावर साधारण सतरा हजार सांगितले. पण आरसीवर बँकेचा बोजा दिसत होता. कर्ज 2012 मध्येच फिटलं होतं, बँकेची एनओसीसुद्धा कपाटात होती, फक्त ती आरटीओत कोणी नेली नव्हती. एनओसीची मुदत तीन महिन्यांची आणि कागद 2013 चा. बोजा उतरवल्याशिवाय गाडी घेणार नाही, असं सेंटरने स्वच्छ सांगितलं. जुन्या गाड्या घेणाऱ्या एका अ‍ॅपने तर आरसी संपलीय म्हटल्यावर फॉर्मच पुढे जाऊ दिला नाही.

मग विजेच्या खांबावरचा तो कागद आठवला. 'बंद, अपघाती, कुठलीही गाडी रोखीने घेऊ.' दलाल फोनवर तीस हजार म्हणाला. प्रत्यक्ष आला, ऑइलचं झाकण उघडलं, आत दुधाळ चहासारखा फेस (गॅस्केट गेल्याची खूण) बघितला आणि एकोणीसवर उतरला. घासाघीस करून एकवीस हजारांवर तुटलं. सकाळी अकराला आला, बाराला पाचशेच्या नोटा माझ्या हातात आणि गाडी टोचनवर. या भागाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. माणूस नम्र होता, बाबांना वाकून नमस्कार करून गेला. बाबा गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत गेटवर उभे होते, मी उगाच नोटा परत मोजत बसलो.

चूक त्या एका तासातच झाली. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर मी सह्या केल्या, खरेदी करणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. "टीटीचं काम आमच्याकडे, साहेब, टेन्शन घेऊ नका," दलाल म्हणाला. टीटी म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करणं. आता, आरसीची मुदत संपलेली गाडी री-पासिंग केल्याशिवाय कोणाच्या नावावर होणार? हे मलाही सुचायला हवं होतं. फास्टॅग बंद करायचंही राहिलं. एक गोष्ट मात्र बरी केली: डिलिव्हरी नोटवर तारीख, वेळ आणि त्याचा आधार नंबर लिहून घेतला आणि सही करताना त्याचा फोटो काढला. पुढे सगळं त्या एका कागदावर निभावलं.

टोलच्या मेसेजनंतर फास्टॅग लगेच बंद केला. पण फेब्रुवारीत चलन आलं, सासवडला नो पार्किंग. फोटोत मागच्या काचेवरचा माझ्या मुलीने चिकटवलेला अर्धा फाटका स्टिकर स्पष्ट दिसत होता. म्हणजे गाडी दुरुस्त करून कोणालातरी विकली होती आणि ती आरसीशिवाय, विम्याशिवाय फिरत होती. मार्चपर्यंत आणखी दोन चलनं आली. मिळून तीन हजार.

पैशांपेक्षा झोप उडवली ती दुसऱ्या गोष्टीने. ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2018 मध्येच स्पष्ट केलंय: अपघात झाला तर नुकसानभरपाईसाठी कायद्याच्या लेखी मालक तोच, ज्याचं नाव आरटीओच्या नोंदीत आहे. गाडी तीन हात पुढे गेलेली असली तरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 नुसार विकणाऱ्यानेही राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मी कळवलं होतं ते चौदा आठवडे उलटून गेल्यावर. डिलिव्हरी नोटची झेरॉक्स जोडून अर्ज दिला, आवकचा शिक्का घेतला, पोलीस चौकीतही एक प्रत दिली. दलाल फोनवर एकच सांगायचा, "पार्टीला दिली, साहेब."

वकिलांनीच आणखी एक माहिती दिली, ती आधी असती तर हा दलाल गेटच्या आत आला नसता. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं. अशा डीलरला गाडी दिली की फॉर्म 29 सी भरून आरटीओला ऑनलाइन कळवता येतं आणि पुढची जबाबदारी त्याच्यावर जाते. माझ्या माणसाकडे फक्त टोचनची गाडी होती.

सुटका झाली ती मेकॅनिकच्या भाकितामुळे. मे महिन्यात गॅस्केट परत उडालं. पार्टीने गाडी दलालाच्या दारात आणून टाकली आणि याचा मला फोन, "साहेब, स्क्रॅपला टाकू, तुम्ही फक्त सही करा." म्हणजे फिरून तिथेच. बँकेची ती शाखा आता दुसऱ्याच बँकेत विलीन झालेली, नव्या एनओसीला तीन आठवडे, मग फॉर्म 35 भरून बोजा उतरवला. चलनं भरली, त्यातले दीड हजार दलालाने दिले. तेवढेही मिळतील असं वाटलं नव्हतं.

स्क्रॅप सेंटरचा अनुभव मात्र कंटाळवाणा, म्हणजे उत्तम. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरच्या नोंदी तपासल्या, चोरीची तर नाही ना ते पाहिलं, पैसे रोख न देता माझ्याच खात्यात टाकले (ते मी दलालाला दिले, तो तोपर्यंत चहाच्या टपरीवर बसून होता). सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी स्क्रॅपला जमा केल्याचा दाखला, आलं, आरसी रद्द झाल्याचं 'वाहन'वर दिसलं. नवीन खासगी गाडी घेताना या सर्टिफिकेटवर रोड टॅक्समध्ये केंद्राच्या नियमांप्रमाणे 25 टक्क्यांपर्यंत सूट देण्याची मुभा राज्यांना आहे, शिवाय नोंदणी फी माफ. शोरूमला नेमका आकडा आधी विचारून घ्या. ते सर्टिफिकेट दुसऱ्याच्या नावावरही करता येतं, आमचं बहुधा आतेभावाला जाईल.

हिशेब असा: एकवीस हजार मिळाले, दीड हजार चलनांत, थोडे टोलमध्ये, पाच अर्धे दिवस सुट्टीचे. सेंटरचे सतरा हजार ऑक्टोबरमध्येच घेतले असते तर फरक फार पडला नसता. तीन आठवडे थांबायला हवं होतं, एवढंच.

रोखीच्या सौद्याला एकूण पाचपैकी दीड गुण, आणि तोही अर्धा बाबांना केलेल्या नमस्कारासाठी. परवा त्याचा मेसेज आला: "साहेब, बिल्डिंगमध्ये अजून कुठली उभी आहे का?"