फक्त गणितं सोडवून घेणारा कराडचा केमिस्ट्रीचा वर्ग

मुलगी अकरावी सायन्सला. आधी एका मोठ्या क्लासला घातलं होतं. एका खोलीत नव्वद मुलं. पहिल्या चाचणीत '४ ग्रॅम ऑक्सिजन वायू म्हणजे किती मोल' (मोल म्हणजे अणू-रेणू मोजायचं एकक) याचं उत्तर तिनं ०.२५ लिहिलं. लाल फुली मिळाली; का चुकलं, ते कुणी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर पेठेतल्या एका निवृत्त सरांकडे पाठवलं. पंधरा मुलं, आठवड्यातून तीन दिवस, महिना नऊशे रुपये. सरांनी पहिल्याच दिवशी तिची वही उघडली आणि विचारलं, "बाळ, ऑक्सिजन हवेत एकटा फिरतो की जोडीनं?" जोडीनं, म्हणून एका अणूच्या भारानं, १६ ने नाही, जोडीच्या ३२ ने भागायचं. उत्तर ०.१२५. ती चूक पुन्हा झालेली नाही.

माझं शिवणकाम आहे. माप इंचात घेतलं आणि कापताना सेंटीमीटर धरले की ब्लाऊज गेलाच. सर एककांबद्दल तितकेच कडक आहेत. २७ अंश सेल्सिअस दिसलं की आधी ३०० केल्व्हिन लिहायचं, मगच सूत्राला हात लावायचा. मोलर आकारमान, म्हणजे एक मोल वायूला लागणारी जागा, कुठे २२.४ लिटर असतं, कुठे २२.७, यावरून मुली गोंधळल्या होत्या. एकात दाब १ अ‍ॅटमॉस्फिअर धरलाय, दुसऱ्यात १ बार, हे त्यांनी शांतपणे उलगडून सांगितलं.

मला सगळ्यात आवडलं ते सिलिंडरचं गणित. १४.२ किलो गॅस, सोपं जावं म्हणून सगळा ब्युटेनच धरायचा, रेणुभार ५८. साधारण २४५ मोल आले. त्याला २२.४ ने गुणलं तर जवळपास साडेपाच हजार लिटर वायू! पोरगी ओट्याशी येऊन म्हणाली, "आई, गच्चीवरच्या आपल्या हजार लिटरच्या साडेपाच टाक्या भरतील." त्या रात्रीपासून रेग्युलेटर तीच बंद करते.

इलेक्ट्रॉनचा भाग मात्र घाईत उरकला. क्रोमियममध्ये थ्री-डी या कप्प्यात पाच आणि फोर-एस या कप्प्यात एकच इलेक्ट्रॉन का, हे नुसतं पाठ करायला लावलं. एवढ्या चांगल्या शिक्षकाकडून ते समजून मिळायला हवं होतं. मी तसं सरांना सांगितलं, त्यांनी एक रविवार जादा द्यायचं कबूल केलंय.

थिअरी इथे शिकवत नाहीत, ती कॉलेजातच करावी लागते. आणि वही दोनशे पानी घ्या, शंभर पानी महिनाभरही पुरत नाही.