संबळ आणि पखवाज: तुळजापूरचा ठेका, पैठणचा ठेका

मराठवाड्यात कानाला दोन चर्मवाद्यांची सवय लहानपणीच लागते. तुळजापूरला भवानीच्या गोंधळात संबळ, पैठणला नाथषष्ठीच्या कीर्तनात पखवाज.

पखवाजाचं खोड एकच, लाकडाचं, तोंडं दोन. उजव्या पुडीवर, म्हणजे कातडं मढवलेल्या तोंडावर, शाई (काळा लेप) कायमची असते. डाव्या तोंडाला मात्र वाजवण्याआधी ओली कणीक थापतात. कणीक कमी पडली की घुमारा हलका, जास्त झाली की आवाज बसतो. आमच्या गावचे बुवा चिमूटभर कणीक काढायचे, थाप मारून ऐकायचे, पुन्हा लावायचे. तोवर टाळकरी थांबलेले. मग वाद्यांखाली अडकवलेले लाकडी गट्टे हातोडीनं ठोकून उजवी पुडी स्वरात आणायची. पखवाजाचं दुसरं नाव मृदंग, म्हणजे मातीच्या अंगाचा. आज मात्र खोड लाकडाचंच.

संबळाला कणीक नाही. शेजारी बांधलेली दोन भांडी, एक लहान नि चढ्या आवाजाचं, दुसरं मोठं नि खर्जाचं. गोंधळी ते कमरेला बांधून उभ्यानं, नाचत वाजवतो. हातात काड्या, खर्जाच्या काडीचं टोक वाकवलेलं. सोबतीला तुणतुणं.

पखवाजात तळहात आणि बोटं थेट कातड्याशी बोलतात, म्हणून बोलांची बारीक नक्षी तिथंच जास्त. शिकायला मी आधी पखवाजच सुचवेन. पण पोत, म्हणजे गोंधळातली मशाल, पेटल्यावर संबळ जो अंगावर काटा आणतो, तो मला पखवाजानं कधी दिला नाही.